ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नाही, आणि खणानारळाची पण नाही: बीओटीएचच्या साडेचार वर्षांचा रिव्ह्यू

लोक मोबाईलचा रिव्ह्यू लिहितात, बिर्याणीचा लिहितात, मी साडेचार वर्षं आणि वडिलांचे बरेच पैसे ज्यात घातले त्याचा लिहिते. कोर्स आहे बीओटीएच, बॅचलर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी. कॉलेजचं नाव लिहिणार नाही कारण पुढे त्यांची जरा काढणार आहे, आणि इंटर्नशिपचा शेवटचा स्टायपेंड अजून यायचाय.

आधी नावाचा घोळ. मी ॲडमिशन घेतली तेव्हा आजीला सांगितलं, ओटी शिकायला चाललेय. आजी म्हणाली, त्यात काय शिकायचं, पाच मूठ तांदूळ, खण, नारळ, मीच शिकवते की. शेजारच्या काकांना वाटलं ऑपरेशन थिएटरमध्ये सामान द्यायचं काम. मराठीत ह्याला व्यवसायोपचार म्हणतात, हॉस्पिटलच्या पाटीवर तेच लिहिलेलं असतं, आणि ते वाचून आमच्याकडे एक माणूस खरंच धंद्यासाठी कर्ज मिळतं का विचारायला आला होता. त्याला काय बोलणार. ह्यातला ऑक्युपेशन म्हणजे नोकरीधंदा नाही, माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं, म्हणजे दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, लिहिणं, स्वयंपाक, पोराला आंघोळ घालणं. आजारपणात नाहीतर अपघातात ते करता येईनासं झालं, किंवा मुलाला जन्मापासूनच अवघड जात असेल, तर ते परत किंवा वेगळ्या पद्धतीने करता यावं म्हणून जे करतात ते ओटी. फिजिओवाले तुमचा खांदा वर न्यायचं बघतात, आम्ही खांदा वर जाऊन कंगवा डोक्यापर्यंत पोचतोय का ते बघतो. ही व्याख्या वायव्हात सांगू नका, मार्क मिळत नाहीत, पण खरी आहे.

आता ॲडमिशन. मी लातूरची, म्हणजे सांगायची गरज नाही, गल्लीत दर दुसऱ्या घरात नीटचा रिपीटर. माझापण एक रिपीट झाला. एमबीबीएस मिळणार नाही हे निकालाच्या दिवशीच कळलं होतं, बीएएमएसला प्रायव्हेटची फी झेपणारी नव्हती, मग राहिलं फिजिओ. महाराष्ट्रात बीपीटीएच, म्हणजे फिजिओची डिग्री, आणि बीओटीएच दोन्हीला बारावीला पीसीबी आणि वर नीट लागते, सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून सीट मिळते. नेट कॅफेत प्रेफरन्स भरत होते, पहिल्या सगळ्या फिजिओच्या टाकल्या, तर कॅफेवाले काका म्हणाले, खाली दोनचार बीओटीएच पण टाकून ठेव, तिथं लागतं. माझ्या करिअरचं काउन्सेलिंग एवढंच, तेही प्रिंटच्या दोन रुपयांत.

पहिल्या राउंडला ओटीच लागलं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या जी मला कोणी सांगितली नव्हती. लागलेली सीट हीच हवी असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा, तो भरला की पुढच्या राउंडमधून तुम्ही बाहेर. नाही भरला आणि पुढच्या राउंडला वरचा प्रेफरन्स लागला तर आधीची सीट आपोआप जाते, मग नवीन कॉलेज आवडो न आवडो. म्हणजे जिथे जायचंच नाही असं कॉलेज यादीत वर टाकूच नका. मी फॉर्म भरला नव्हता, फिजिओच्या आशेवर, दुसऱ्या राउंडला काहीच हललं नाही, आणि अशी मी ओटीत आले. आमच्या बॅचला पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं होतं, ओटी पहिला चॉइस कोणाचा होता. दोन हात वर. एकीचा भाऊ ऑटिस्टिक होता, दुसऱ्याला प्रश्न कळला नव्हता.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. डोमिसाईल, नॉन क्रिमिलेअर, व्हॅलिडिटी, मेडिकल फिटनेस आणि गॅप पडला असेल तर ॲफिडेव्हिट. नॉन क्रिमिलेअरवर तारीख असते, ती बघा. माझ्यापुढे रांगेत असलेल्या मुलीचं संपलेलं निघालं आणि तिचे वडील त्याच दुपारी एसटीने परत तालुक्याला गेले.

पहिलं वर्ष म्हणजे ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेम, आणि ह्या सगळ्यात घुसवलेलं क्राफ्ट. हो, क्राफ्ट. विणकाम, मॅक्रमे म्हणजे दोऱ्याच्या गाठींचं काम, कागदकाम, सुतारकाम, आणि प्रत्येकाचं ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस जर्नलमध्ये लिहायचं, म्हणजे ह्या कामाला कुठला सांधा किती वाकतो, कुठला स्नायू लागतो, लक्ष किती लागतं, बसून होतं की उभं राहून. दिवाळीला ते सगळं घरी नेलं तर आई म्हणाली, एवढी फी भरून पोरगी स्वतःचं रुखवत बनवून राहिली. मलापण तेव्हा तेच वाटायचं. फिजिओच्या पोरी मोठमोठ्या मशीनचे फोटो स्टेटसला टाकायच्या आणि मी मॅक्रमेचं घुबड.

पण ह्या कोर्समध्ये मला शिकवलेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच निघाली, ते कळायला फक्त तिसरं वर्ष उजाडलं. एकदा ॲनालिसिस अंगात भिनलं की माणूस चहा कसा गाळतोय हेपण सरळ बघता येत नाही. माझ्या चुलत्यांचा कप धरताना अंगठा बाजूला पडत होता, मी लग्नाच्या पंगतीत बसून ते बघत होते आणि जिलबी गार झाली.

दुसऱ्या वर्षाबद्दल फार बोलत नाही. पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा, सायकॉलॉजी, बायोमेकॅनिक्स. पाठ करा, लिहा, विसरा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे पेपर असतात, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. बायोमेकॅनिक्स मात्र विसरू नका, ते पुढे उधारीवाल्यासारखं दारात येऊन उभं राहतं.

मजा सुरू होते स्प्लिंटपासून, आणि माझी मोठी तक्रारपण तिथेच आहे. स्प्लिंट म्हणजे हात किंवा बोटं ठराविक पोझिशनमध्ये धरून ठेवणारा आधार. तो ज्या थर्मोप्लास्टिकच्या शीटचा बनवतात ती गरम पाण्यात टाकली की ओल्या पापडासारखी लुळी पडते, मग टॉवेलवर टिपून पेशंटच्या हातावर टाकायची आणि दोनतीन मिनिटांत आकार द्यायचा, की झाली कडक. त्या दोनतीन मिनिटांत तुमचं सगळं शिक्षण बाहेर पडतं. शीट महाग, बाहेरची येते, आणि आमच्या कॉलेजने अख्ख्या बॅचला प्रॅक्टिसला जे दिलं ते बघून हसावं का रडावं कळेना. उरलेले तुकडे. बोटाचा गटर स्प्लिंट होईल एवढे. बाकी वर्षभर आम्ही वर्तमानपत्रावर हात ठेवून पेनाने पॅटर्न काढले, कापले, चिकटवले. फीच्या पावतीत मात्र मटेरियल चार्जेस अशी स्वतंत्र ओळ होती, मी विचारलं तर क्लार्क म्हणाला, वरून आलंय. मटेरियल सोडून सगळं वरून येतं.

त्यामुळे खऱ्या पेशंटवर मी पहिला कॉकअप स्प्लिंट केला तेव्हा हात थरथरत होते, माझे. रेडियल नर्व्हला मार लागून मनगट लोंबणारा एक रिक्षावाला होता, मनगट वीसेक अंश वर ठेवायचं, लांबी कोपराकडे दोन तृतीयांश, तळहातावरची रेघ मोकळी सोडायची म्हणजे बोटं पूर्ण वाकतील. सगळं पाठ. आणि केला तर छान दिसला, फोटोपण काढला. वीस मिनिटांनी काढून बघायचं असतं लाल पडलंय का, तर मनगटाच्या बाहेरच्या हाडावर हा एवढा लाल ठिपका. मी तिथे फुगवटा द्यायचा विसरले होते. तो भला माणूस म्हणाला, राहू द्या मॅडम, चपलापण पहिल्यांदा चावतात. पण चपलेसारखं चालत नाही, हाडावर जखम झाली असती. परत गरम पाणी, परत पहिल्यापासून. ही चूक मी वर्तमानपत्रावर कशी करणार होते, कागद कुठे लाल पडतो.

आता तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोस्टिंगचं. न्यूरो, ऑर्थो, पेडिॲट्रिक, सायकिॲट्री, कम्युनिटी असं फिरवतात. ह्यातलं एकच सांगते कारण बाकी कोणीही सांगेल.

न्यूरोमध्ये मला एक आजी मिळाल्या, लकवा मारून तीन महिने झालेल्या, उजवी बाजू. चालायला लागल्या होत्या काठी घेऊन, हात मात्र मांडीवर पडलेला. आमच्याकडे पेशंट आला की बार्थेल इंडेक्स भरतात. १९६५ चा आहे, दहा गोष्टी विचारतात, जेवण, आंघोळ, कपडे, संडास, जिना वगैरे, शंभरपैकी मार्क. त्यात जेवणाच्या रकान्यात मधले मार्क कधी द्यायचे तर कापायला, बटर लावायला वगैरे मदत लागत असेल तर. मी नवीन, फॉर्म हातात, विचारलं, आजी, ब्रेडला बटर लावता येतं का. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सुनेकडे बघून म्हणाल्या, ही पोरगी काय विचारायली?

सून म्हणाली, भाकरीचं विचार म्हणावं. आणि मग आजी जे सुरू झाल्या. सून भाकरी जाड करते, दात नाहीत, गिळत नाही, स्वतःच्या हातची भाकरी खाऊन तीन महिने झाले. चमच्याने खाता येतं का, डाव्या हाताने येतं, पण डाव्या हाताने जेवायचं कसं, लोक काय म्हणतील. फॉर्मवर ह्यातलं काहीच लिहायला जागा नव्हती. मी पाच मार्क टाकले आणि पुढच्या प्रश्नावर गेले, कमोडवर बसता-उठता येतं का. त्यांच्या घरी खाली बसायचा संडास. तोपण अंगणात, मध्ये उंबरठा.

रात्री होस्टेलवर डोक्यात तेच. भाकरीचं ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस लिहून बघितलं, सवयीने, मॅक्रमेसारखं. तर काय निघालं सांगते. पीठ मळताना दोन्ही हात लागतात, तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर अंगाचा भार येतो, आणि ताठ झालेली बोटं सैल करायला आम्ही नेमकं तेच करून घेतो, फक्त गादीवर आणि कंटाळवाणं. थापताना मनगट वर, बोटं सरळ, हलकी थाप, आणि दुसरा हात भाकरी फिरवतोय. म्हणजे जे आम्ही प्लास्टिकचे शंकू ह्या काठीवरून त्या काठीवर टाकून करून घेत होतो ते सगळं ह्याच्यात होतं आणि वर शेवटी भाकरी मिळते.

दुसऱ्या दिवशी परात नेली. घरून आलेलं ज्वारीचं पीठ होतं माझ्याकडे, तेही नेलं. परातीखाली ओला नॅपकिन घातला म्हणजे सरकत नाही, ही एक साधी गोष्ट पण एका हाताने काम करणाऱ्याला फार मोठी. डाव्या हाताने उजवा हात उचलून पिठावर ठेवला आजींनी आणि मळायला लागल्या. पहिले चारपाच दिवस उजवा नुसता सोबतीला. दुसऱ्या आठवड्यात तळवा टेकायला लागला. मग एक दिवस गोळा करून थापायला घेतला, मी श्वास धरून, कडेने सगळी फुटली. मी म्हणाले, होईल आजी, हाताला अजून ताकद यायचीय. तर म्हणतात कशा, हाताला काय झालंय, पीठ कधीचं हाय, विरी गेलीया ह्याची, आन् पाणी गार. आधण कुठाय?

पीठ खरंच दोन महिन्यांचं होतं. आणि डिपार्टमेंटमध्ये गॅस नाही, तर आधण कुठून. मग मी होस्टेलवरून थर्मासमध्ये उकळतं पाणी न्यायला लागले आणि सुनेने ताजं दळलेलं पीठ आणलं. सर एकदा मागे येऊन उभे राहिले, मला वाटलं आता बोलणार, हे काय किचन आहे का. ते म्हणाले, ह्याची केस प्रेझेंट कर. डिस्चार्जला बार्थेल ४५ वरून ७५ होता. पण तो जिना, कपडे असल्या गोष्टींमुळे वाढला. भाकरीचे त्यात शून्य मार्क, तेव्हापण आणि आतापण.

हेच माझं ह्या कोर्सबद्दलचं मत आहे, चांगलं आणि वाईट दोन्ही एकाच जागी. पुस्तकं, टेस्टा, फॉर्म बरेचसे बाहेरचे, ज्यात माणूस खुर्चीवर बसतो, काट्याने खातो, टबात आंघोळ करतो. आपल्याकडचा माणूस पाटावर बसतो, बादलीतून तांब्याने घेतो, साडी नेसतो, आणि पदर एका हाताने खोचायचा कसा हे कुठल्याच चॅप्टरमध्ये नाही. ते तुम्हालाच बसवावं लागतं. ज्याला असलं डोकं चालवायला आवडतं त्याला हा कोर्स सोनं आहे, ज्याला प्रोटोकॉल पाठ करून मशीन लावायचंय त्याने येऊ नये, चिडचिड होईल.

आणि हे सगळं आपल्याकडे काल आलेलं नाहीये. देशातलं पहिलं ओटी स्कूल मुंबईत केईएममध्ये १९५० ला कमला निंबकर यांनी सुरू केलं, अमेरिकेत जन्मलेल्या बाई, लग्न करून इकडच्या झाल्या. १९५२ ला ओटीची अखिल भारतीय संघटना आणि त्याच वर्षी जागतिक फेडरेशन, ज्यात स्थापनेपासूनच्या दहा देशांत भारत आहे. आज मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरच्या मेडिकलला हे शिकवतात, त्याशिवाय प्रायव्हेट आहेत. एवढी वर्षं झाली तरी लातूरच्या नेट कॅफेत त्याची ओळख तिथं लागतं एवढीच.

पेडिॲट्रिकबद्दल दोन ओळी, कारण नोकऱ्या तिथेच जास्त आहेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, लिहायला त्रास होणारी मुलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं झोके आणि बॉल, पोरांना खेळवायचे पैसे घेतात. मला आतापर्यंत तीन मुलं चावलीत. आणि बाहेर बाकावर बसलेली आई रोज एकच विचारते, बोलेल ना हो. ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे साडेचार वर्षांत कोणी शिकवलं नाही.

इंटर्नशिप सहा महिने, आमच्या वेळी. आता २०२१ च्या, आमच्यासारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यानंतर अभ्यासक्रम बदलतायत, त्यामुळे कालावधी आणि इंटर्नशिप किती हे तुमच्या वर्षाच्या ब्रोशरमध्येच बघा, माझ्यावर जाऊ नका. इंटर्नला आमच्याकडे वॉर्डातला हमाल समजायचे. व्हीलचेअर ढकल, फाइल आण, फिजिओचा पेशंट इकडे बसलाय तिकडे ने. नावापुढे डॉक्टर लावायचं की नाही ह्यावर बॅचच्या ग्रुपवर महिनाभर भांडण झालं, आणि त्याच महिन्यात वॉर्डबॉय आम्हाला ओ मालिशवाल्या मॅडम म्हणत होता.

पैशाचं सरळ सांगते. सुरुवातीचा पगार वाईट आहे. बीई झालेला माझा भाऊ हसतो. क्लिनिकवाले फ्रेशरला सेशनवर पैसे देतात आणि मूल आजारी पडलं की तुमचा दिवस बुडाला. तीनचार वर्षांनी स्वतःचे पेशंट झाले की बरं होतं, सीनियर लोकांचं बघून सांगते. बाहेर जाणारे खूप आहेत, पण त्यासाठी कॉलेज जागतिक फेडरेशनच्या मान्यतेचं आहे का हे ॲडमिशनच्या आधी बघायचं असतं, माझ्या वर्गातल्या एकाला हे चौथ्या वर्षाला कळलं. इथे काम करायला स्टेट कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, ते निकाल लागल्या लागल्या करून टाका.

कॉलेज बघायला गेलात तर बिल्डिंग बघू नका, लायब्ररीपण नको. दोनच गोष्टी विचारा. एक, ओपीडीत रोज पेशंट किती येतात, आणि सकाळी अकराला जाऊन स्वतः मोजा. दोन, स्प्लिंट रूम उघडून दाखवा म्हणा. आमच्याकडे ती उघडायला किल्ली शोधावी लागायची आणि मी ॲडमिशनच्या दिवशी हे बघितलं होतं, वडील म्हणालेपण, बंद का आहे गं ही. मी म्हणाले, लंच टाइम असेल. सकाळचे साडेदहा वाजले होते.

कोर्सला पाचपैकी चार. आमच्या कॉलेजला दोन, त्यातला एक त्या सरांचा. कॅफेवाल्या काकांना पाचपैकी पाच, पण हे त्यांना सांगू नका, प्रिंट महाग करतील.